धाकू घाडींची डबल बेल

मी नलिनी. मुलुंड पूर्वेला मधुमालती सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहते आणि पत्रं लिहिते. खुशालीची नव्हे, तक्रारीची. एकतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात होते, त्यामुळे ‘महोदय’पासून ‘त्वरित कार्यवाही व्हावी’पर्यंतच्या प्रवासात माझा हात धरणारा अख्ख्या वॉर्डात कोणी नाही. गळकी टाकी, उघडी गटारं, पहाटेचे लाउडस्पीकर, सगळ्यांवर लिहून झालं आहे. उत्तर येईल अशी माझी अपेक्षा नसते. एकदाच आलं, आणि त्या एका उत्तराने तळमजल्यावरच्या घाडींच्या घरात रडारड झाली. म्हणून हे लिहायला बसले आहे. यात तक्रार आहेच, पण या वेळी ती माझ्याविरुद्ध आहे.

धाकू घाडी मूळचे मालवणकडचे. वडील लालबागला गिरणीत होते, आणि हे स्वतः चौतीस वर्षं बसवर कंडक्टर. उंची बेताची, पण आवाज डबलडेकरच्या खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर पोचवण्यासाठी घडवलेला. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण नोकरी अंगातून गेलेली नाही. सोसायटीच्या सभेला कोणी दारात घुटमळलं की मागून हाक येते, “दारात गर्दी करू नका, आत भरपूर जागा आहे!” आत जागा नसते. चौतीस वर्षं नव्हतीच, तरी ते हेच सांगत आले.

त्यांची बायको सुगंधा माझी मैत्रीण. कमी बोलते, आणि जे बोलते त्यावर पुढे कोणाला काही बोलता येत नाही. तिने तीस वर्षं चार घरी उभ्याने पोळ्या लाटल्या. त्यात दोन्ही गुडघे गेले आणि मागच्या दिवाळीनंतर दोन्ही बदलून घ्यावे लागले. ऑपरेशन छान झालं. पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, “चालायचं. सपाट जागी, रोज, हळूहळू वाढवत. तीन महिन्यांनी मला एक किलोमीटर चालणारी बाई समोर हवी. सांधे आखडले तर पुन्हा टेबलावर घेऊन, भूल देऊन मोकळे करावे लागतील.”

पुन्हा टेबल म्हटल्यावर सुगंधाचा चेहरा पांढरा पडला. पहिल्या वेळी आत नेताना तिने धाकूंचा हात असा धरला होता की नर्सला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ती मला एकदाच म्हणाली, “नलिनीबाय, मरणाक मी भियत नाय. त्या टेबलाक भियतंय.”

आता मुलुंडमध्ये सपाट जागा शोधून दाखवा. फुटपाथ आहेत, पण त्यांवर फेरीवाले, स्कूटर, उखडलेल्या लाद्या आणि कोणाच्या तरी बांधकामाची रेती. सुदैवाने त्याच सुमारास आमच्या मागच्या बाजूला ती खाचेतली बस सुरू झाली होती.

सरकारी कागदावर तिचं नाव भलतंच लांब आहे, आम्ही खाचेतली बस म्हणतो. सिमेंटचे दोन बुटके कठडे, मधून बस धावते. बसच्या अंगाला छोटी आडवी चाकं आहेत, ती कठड्याला टेकून बसला सरळ नेतात. ड्रायव्हरला स्टिअरिंग फिरवावं लागत नाही. तिकीट म्हणजे दाराशी कार्ड टेकवायचं. कंडक्टर नाहीच. उद्‌घाटनाच्या दिवशी धाकू आत चढले, एक फेरी मारून उतरले आणि मला म्हणाले, “मॅडम, ड्रायव्हर चाक फिरवत नाय, कंडक्टर ठेवलेलो नाय. मग ही गाडी चालवतो कोण?” नंतर ते पुन्हा तीत बसले नाहीत.

पण बसच्या कडेने एक सुंदर, गुळगुळीत, लाल रंगाचा मार्ग केला होता. सायकलवाले आणि चालणारे दोघांचा मिळून. सुगंधाला हवा होता तसा सपाट. धाकूंनी लगेच त्याचे टप्पे पाडले. आमच्या गेटपासून पहिला स्टॉप, दुसरा स्टॉप, तिसरा स्टॉप. तिसऱ्या स्टॉपाला हात लावून परत यायचं, की डॉक्टरांचा किलोमीटर भरला. पहिल्या दिवशी सुगंधा गेटपासून वीस पावलं गेली आणि बसली. पंधरा दिवसांनी पहिला स्टॉप आला. महिन्याने दुसरा. धाकू एक हात तिच्या कोपराखाली धरून चालायचे. वाटेत गप्पा मारत उभ्या राहिलेल्यांना “चला, पुढे चला, पुढे गाडी रिकामी आहे” असं करत तिच्यासाठी वाट काढायचे.

आणि मग यज्ञेश आला.

यज्ञेश आमच्याच बी विंगचा. मालाडला कुठल्याशा ऑफिसात मोठ्या पगारावर आहे, आणि सकाळी सायकल चालवतो. अंगाला घट्ट चिकटणारे कपडे, डोक्याला हेल्मेट, मनगटावर घड्याळ. त्या घड्याळात वेळ सोडून बाकी सगळं दिसतं. त्या दिवशी सकाळी तो मागून वेगाने आला. समोर सुगंधा, तिच्या कोपराला धाकू आणि मागे हास्य क्लबच्या चार बायका. यज्ञेशने रीतसर घंटी वाजवली. एकदा.

आता बसच्या घंटीचा कायदा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कंडक्टरने दोरी एकदा ओढली की ड्रायव्हरने थांबायचं. दोनदा ओढली की निघायचं. सिंगल बेल थांबा, डबल बेल चला. धाकूंनी चौतीस वर्षं दिवसातून हजारदा हेच केलं होतं. मागून एक घंटी वाजल्याबरोबर ते होते तिथे थांबले. नुसते थांबले नाहीत, उतरू पाहणाऱ्या प्रवाशाला अडवावा तसा हात आडवा करून सुगंधालाही थांबवलं. मागच्या चार बायका एकमेकींवर आदळल्या. कडेला सरकतील या भरवशावर आलेल्या यज्ञेशला ब्रेक मारायला वेळ मिळाला नाही. तो कठड्यालगतच्या कण्हेरीत गेला. सायकल बाहेर राहिली, तो आत.

“काका, बेल वाजवली ना मी!” कण्हेरीतून आवाज आला.

“वाजवलीस म्हणून तर थांबलो!” धाकू ओरडले.

“बेल वाजवली की बाजूला व्हायचं असतं यार!”

“कोणी सांगितलं? एक बेल म्हणजे थांबा. तुला जायचं होतं तर दोन मारायच्या!”

यज्ञेशला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. सुगंधा पडली नाही. पण मी गॅलरीतून हे सगळं बघत होते, आणि ती पडली असती तर, या विचाराने माझं रक्त तापलं. रक्त तापलं की मी लिहिते. सायकलस्वारांच्या बेदरकारपणावर पाच पानं लिहिली, मुद्दे काढले, नकाशा जोडला, सोसायटीच्या बावीस सह्या घेतल्या आणि पत्र वॉर्ड ऑफिसात स्वतः देऊन पोच घेतली.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. अकराव्या दिवशी! मी ते देवापुढे ठेवून मग उघडलं. आत लिहिलं होतं: आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेण्यात आली असून, पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने सदर मार्गावर पादचाऱ्यांना प्रवेश बंद करण्याचे योजिले आहे. पुढील महिन्याच्या सहा तारखेस प्रत्यक्ष पाहणी होऊन फलक लावण्यात येईल. आपल्या जागरूकतेबद्दल आभार.

मी ते तीनदा वाचलं. मग खाली गेले, कारण दुसऱ्या कोणाकडून त्यांना कळलं असतं तर मी तोंड दाखवू शकले नसते. सुगंधा भाजी निवडत होती. मी वाचून दाखवलं. डॉक्टरांनी तपासायला बोलावलं होतं ते त्याच महिन्याच्या आठ तारखेला. तिने हातातली मेथीची जुडी बाजूला ठेवली.

“मगे मी गच्चीत फिरान,” ती म्हणाली.

आमच्या गच्चीत पाण्याचे इतके पाइप आहेत की मांजरही पाय उचलून चालतं. हे तिलाही माहीत होतं. तिने पदर डोळ्यांना लावला आणि मला त्या क्षणी माझी ती पाच पानं तोंडात कोंबून गिळावीशी वाटली.  धाकूंनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. तासाभराने परतले ते सायकलच्या दुकानातून एक घंटी घेऊन. ती त्यांनी आपल्या काळ्या छत्रीच्या दांड्याला पक्की बसवली आणि अंगठ्याने वाजवून पाहिली. ट्रिंग. ट्रिंग ट्रिंग.

“मॅडम,” ते मला म्हणाले, “तुमचं काम लिहिण्याचं. माझं काम गाडी चालू ठेवायचं. अपघात झाले तर बोर्ड लागणार ना? मग सहा तारखेपर्यंत अपघात होऊ द्यायचा नाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते दुसऱ्या स्टॉपावर उभे राहिले. सगळे घोटाळे तिथेच व्हायचे. बसमधून उतरणारी माणसं थेट त्या लाल मार्गावर पाऊल टाकायची आणि समोरून सायकल यायची. धाकूंनी तिथे ठाण मांडलं. बस थांबली की सिंगल बेल. सगळ्यांनी उभं राहायचं, सायकलवाल्यांनी पाय टेकायचे. उतरणारे पार झाले की डबल बेल. आणि सायकलवाल्यांना चालणाऱ्यांच्या पुढे जायचं असेल तर दोनदा घंटी, एकदा नाही.

पहिले चार दिवस नुसता तमाशा. सायकलवाले एकदा वाजवायचे, धाकू छत्री आडवी करून सगळ्यांना थांबवायचे, आणि मग वाजवणाराच अडकायचा. “आता दोन मार! दोन मारल्याशिवाय ही गाडी हलणार नाय!” कोणी हुज्जत घातली की “वाद घालायचा तर खाली उतरा” हे ठरलेलं वाक्य. एकाने विचारलं की मी आधीच खाली आहे, आणखी कुठे उतरू? धाकूंनी त्याला कठड्याशी उभं करून आणखी दोन बसेस जाऊ दिल्या. मार्गाच्या अगदी कडेने चालणाऱ्यांना “फुटबोर्डावर लटकू नका” म्हणायचे. हास्य क्लबच्या बायकांना त्यांनी डाव्या बाजूला महिलांची राखीव जागा करून दिली आणि तिथे कोणी पुरुष दिसला की घसा खाकरायचे.

पाचव्या दिवशी धाकू सुगंधाला दुसऱ्या स्टॉपाकडे आणत होते, तेव्हा यज्ञेश आला. कण्हेरीनंतर तो धाकूंशी बोलत नव्हता. मागून आला, वेग कमी केला, आणि थोडा विचार करून त्याने घंटी दोनदा वाजवली. धाकू सुगंधाला घेऊन अलगद डावीकडे झाले. यज्ञेश सुळकन गेला. जाताना मागे वळून म्हणाला, “झकास आहे काका! ॲव्हरेज स्पीड पडला नाही माझा!” त्याने आपल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं, की घाडीकाकांच्या इलाक्यात दोन बेल मारा, एक मारलीत तर गेलात.

यापेक्षा नवल बसच्या ड्रायव्हरचं. जुना माणूस होता, पूर्वी कंडक्टरवाल्या गाड्या चालवलेला. खाचेतल्या बसची दारं आपोआप बंद होतात, ती बंद झाली की निघायचं, असा नियम. पण दुसऱ्या स्टॉपावर तो दारं बंद करूनही थांबायचा, खिडकीतून धाकूंकडे बघायचा, आणि डबल बेल ऐकल्यावरच निघायचा. मी एकदा विचारलं तेव्हा लाजून म्हणाला, “काय करणार बाई, पाय उचलतच नाही त्याशिवाय.”

एका गोष्टीबद्दल मात्र कोणी बोलत नव्हतं. धाकू ड्यूटीवर उभे राहिल्यापासून दुसऱ्या स्टॉपाच्या पुढे सुगंधाच्या कोपराखाली हात नव्हता. ते तिला गेटपासून दुसऱ्या स्टॉपापर्यंत आणायचे, आणि तिथे आपली जागा सोडणं त्यांना जमत नसे. ड्यूटीवरचा कंडक्टर गाडी सोडून जात नाही. सुगंधा तिथल्या बाकावर बसायची. तिसरा स्टॉप तिथून स्पष्ट दिसायचा, निळ्या खांबाचा. ती त्याच्याकडे बघत बसायची आणि नवाला दोघं परत फिरायची. मी म्हटलं, मी येते तुझ्याबरोबर. ती म्हणाली, “हात धरून चललंय तर डॉक्टर मोजूचो नाय.”

सहा तारीख उजाडली. वॉर्ड ऑफिसचे इंजिनिअरसाहेब बरोबर साडेसातला आले, सायकलवरून. मागे टेम्पोत दोन कामगार आणि रंगवून तयार बोर्ड. त्यावर काठी घेतलेला माणूस आणि त्याच्यावर लाल फुली. पाहणी व्हायची होती, पण बोर्ड वाळलासुद्धा होता. मी हातात पत्राची प्रत घेऊन धाकूंशेजारी उभी होते. काय बोलायचं ते पाठ करून आले होते. बाकाकडे पाहिलं तर सुगंधा जागेवर नव्हती. मला वाटलं, घाबरून घरी गेली.

बस आली. दारं उघडायला आणि मार्गाची एक फेरी मारून इंजिनिअरसाहेब मागून परत यायला एकच गाठ पडली. समोर गर्दी दिसली म्हणून त्यांनी, कोणीही वाजवावी तशी, एकदा घंटी वाजवली.

धाकूंनी छत्रीला हात लावायच्या आधीच सगळा मार्ग थांबला. चालणारे साठसत्तर लोक होते तिथे उभे. हास्य क्लब तोंड उघडं ठेवून उभा. यज्ञेश आणि त्याचे सहा सोबती पाय टेकून उभे. बसमधले उतारू एका ओळीत शांतपणे पार झाले. दारं बंद झाली तरी बस हलली नाही. इतकी शांतता मुलुंडमध्ये मी बंदच्या दिवशीही पाहिलेली नाही. इंजिनिअरसाहेब दचकून स्वतःच सायकलवरून उतरले.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

“सिंगल बेल, साहेब,” धाकू म्हणाले. “तुम्हीच मारलीत.”

तेवढ्यात साहेबांनी समोर बोट दाखवलं. त्या थांबलेल्या मार्गावर एकच व्यक्ती चालत होती. तिसऱ्या स्टॉपाच्या बाजूने, आमच्याकडे. मोरपिशी साडी, पायात पांढरे बूट, हातात काठी नाही, कोपराखाली कोणाचा हात नाही. आमच्या गडबडीत ती बाकावरून उठून गेली होती आणि आता परत येत होती.

“त्या बाई का थांबत नाहीत?”

धाकूंचा आवाज प्रथमच कंडक्टरचा राहिला नाही. “ती बायको माझी, साहेब. छत्तीस वर्षं झाली, माझ्या घंटीवर कधी थांबलेली नाय.”

 सुगंधा एकेक पाऊल टाकत येत होती. मध्येच थांबली, गुडघ्याला हात लावला, पुन्हा निघाली. लोकांनी न सांगता अंग चोरून तिला वाट दिली. यज्ञेशने आपलं पुढचं चाक मागे ओढून घेतलं. धाकू ओठ हलवत पावलं मोजत होते.

ती आली, धाकूंसमोर उभी राहिली. कपाळावर घाम होता.

“तिसऱ्या स्टॉपाक हात लावून इलंय,” ती म्हणाली.

“बाई, सायकलींचा त्रास होतो का तुम्हाला?” साहेबांनी विचारलं. सरकारी प्रश्न होता, तो विचारायलाच हवा होता.

“सायकलींचो काय त्रास? त्रास ह्या माणसाचो,” सुगंधा म्हणाली. “आयुष्यभर सगळ्यांका पुढे चला म्हणता, माका म्हणता सांभाळून.”

मग मी बोलले. पाठ केलेलं एक वाक्य आठवलं नाही. म्हटलं, “साहेब, ते पत्र माझं आहे. मी मागे घेते.” आयुष्यात मी एकही पत्र मागे घेतलेलं नव्हतं. साहेबांनी प्रत हातात घेतली, धाकूंच्या छत्रीकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, आणि टेम्पोकडे वळून हात हलवला. “राहू दे रे तो बोर्ड.”

काम झालं होतं. आता सगळ्यांनी निघायचं. पण कोणी निघेना, कारण डबल बेल झाली नव्हती. साठसत्तर माणसं, सात सायकली, एक बस आणि एक इंजिनिअर धाकू घाडींकडे बघत उभे होते. ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली. सुगंधा म्हणाली, “अहो, मारा ना.”

धाकूंचा अंगठा घंटीवर होता, पण तो हलत नव्हता. ते तिच्या गुडघ्यांकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी शर्टावर ओघळत होतं. पुसायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. मी त्यांच्या हातातून छत्री घेतली. पहिल्यांदाच वाजवत होते, त्यामुळे अंगठा जरा घसरला.

घंटी मी दोनदा वाजवली. बस निघाली, सायकली निघाल्या, इंजिनिअरसाहेबांनी निमूट पॅडल मारलं, आणि सुगंधा कोणाचा हात न धरता आमच्या गेटच्या दिशेने चालू लागली.